नदीचा नाद आणि नकाशा

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला नकाशा पुष्कळ गोष्टी सांगतो. निळी रेषा दिसली की ती नदी, तपकिरी छटा दाट झाली की तो डोंगर, हे कोणी न सांगताही ओळखता येते. कोणते गाव कोणत्या गावाच्या उत्तरेस आहे, दोहोंमध्ये अंतर किती, तेथून समुद्र किती दूर, हे सारे नकाशा बिनचूक दाखवितो. परंतु त्या निळ्या रेषेला कान लावला, तर काहीही ऐकू येत नाही. नदी उगमापाशी खळखळते, मध्ये कोठे कड्यावरून गर्जत कोसळते, पुढे रुंद होऊन जवळजवळ मुकी होते. नकाशावर मात्र ती सर्वत्र सारखीच निळी आणि सारखीच निःशब्द असते.

हे न्यून भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या दीडशे वर्षांत अनेक देशांतील संगीतकारांनी आपापल्या परीने केला. कोणी कागदावरील रेषेचेच सूर केले. कोणी पाहिलेला प्रदेश वाद्यांतून उभा केला. तर कोणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र खांद्याला अडकवून नदीच्या काठाकाठाने शेकडो किलोमीटर प्रवास केला.

रेषेचे सूर करण्याची युक्ती ब्राझील देशातील हेतोर व्हिला-लोबोस या विख्यात संगीतकाराने योजिली. शाळांतील संगीतशिक्षणाचे मोठे काम त्याने आपल्या देशात केले होते, आणि ही युक्तीही विद्यार्थ्यांना स्वतःची चाल रचता यावी म्हणून उपयोगी पडणारी होती. ती अगदी सोपी आहे. गणिताच्या तासाला वापरतात तसा चौकटींचा कागद घ्यावा आणि त्यावर एखाद्या डोंगराची बाह्यरेषा काढावी. सर्वांत खालच्या चौकटीला सा म्हणावे, तिच्यावरील चौकटीला रे, त्यावरील चौकटीला ग, आणि असेच वर चढत जावे. डावीकडून उजवीकडे जाणारी प्रत्येक चौकट म्हणजे काळाचा एकेक ठोका. आता डोंगराची रेषा ज्या ज्या चौकटीतून जाते, तो तो सूर क्रमाने म्हटला, की चढणीवर आवाज चढतो, उतारावर उतरतो आणि पठारावर एकाच सुरावर थांबून राहतो. या रीतीने 1939 साली व्हिला-लोबोसने न्यूयॉर्क शहरातील उंच इमारतींच्या आकाशावर उमटणाऱ्या रेषेवरून पियानोची एक रचना केली. पुढे 1944 साली ब्राझीलमधील डोंगरांच्या रेषेवरून त्याने आपली सहावी सिंफनी रचिली.

ही कल्पना मनोरंजक आहे यात शंका नाही. तथापि तिची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ती चाल डोळे मिटून ऐकणाऱ्याला, हे न्यूयॉर्क आहे, असे कधीही ओळखता येणार नाही. चौकटी थोड्या मोठ्या घेतल्या, किंवा सा, रे, ग यांऐवजी दुसरे सूर मांडले, तर त्याच इमारतींतून अगदी निराळी चाल निघेल. म्हणजे त्या संगीतात शहराचा आकार उतरलेला असतो, शहराचा आवाज नव्हे. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने तर 1961 व 1962 या साली याही पुढची मजल गाठली. त्याने आकाशाचा नकाशा घेतला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि ताऱ्यांच्या जागी सूर मांडले. मोठे टिंब म्हणजे मोठा आवाज आणि लहान टिंब म्हणजे हळू आवाज, असा त्याचा संकेत होता. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये ही रचना वाजविली जात असता पुष्कळ श्रोते मध्येच उठून गेले. तारे पाहण्यास जितके रमणीय, तितके ऐकण्यासही रमणीय असतीलच असे नाही!

पाहिलेल्या प्रदेशाचे संगीत करण्याची दुसरी रीत याहून जुनी आहे. बेद्रिख स्मेताना हा चेक लोकांचा थोर संगीतकार. आपल्या मायभूमीवर त्याने सहा संगीतरचनांची एक माला गुंफिली. तिच्यातील दुसरी रचना ‘व्लताव्हा’ या नदीवर आहे. ही नदी सुमारे 430 किलोमीटर लांबीची असून प्राग शहरामधून वाहते. तिचे मूळ दोन प्रवाहांत आहे. एकाला लोक उष्ण व्लताव्हा म्हणतात आणि दुसऱ्याला शीत व्लताव्हा. स्मेतानाच्या रचनेत प्रथम बासरी झुळझुळू लागते, मग क्लॅरिनेट हे वाद्य तिला येऊन मिळते, आणि दोन प्रवाह एकत्र येऊन नदीची मुख्य धून सुरू होते. पुढे काठच्या रानातील शिकारीची शिंगे वाजतात, एका खेड्यातील लग्नाचा नाच ऐकू येतो, रात्र होऊन चंद्रप्रकाश पसरतो. मग नदी खडकांवर आदळत, उसळत, सेंट जॉनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवघड उतारावरून धावत सुटते, आणि शेवटी संथ व विशाल होऊन प्रागमध्ये शिरते.

ही रचना कशी झाली ते जाणून घेण्यासारखे आहे. 1874 सालच्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, स्मेतानाला ऐकू येणे पूर्णपणे बंद झाले. त्यानंतर महिन्याभराने त्याने ही रचना लिहावयास घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत पुरी केली. नदीचा खळखळाट, लग्नाची वाद्ये, खडकांवरील पाण्याचा कल्लोळ, हे सर्व त्याने स्मरणातून कागदावर उतरविले. आपलीच रचना आपल्या कानांनी ऐकण्याचे भाग्य मात्र त्याला कधीच लाभले नाही.

या कथेला आणखी एक शेपूट आहे. सेंट जॉनचा तो खडकाळ उतार आज नकाशावर शोधला, तर त्या ठिकाणी एका जलाशयाचे निळे रूप दिसते. 1940 च्या दशकात तेथे श्तेखोविसेचे धरण पुरे झाले आणि तो सगळा उतार पाण्याखाली गेला. तराफ्यांना धडकी भरविणारी ती गर्जना तेव्हापासून नदीत उरलेली नाही. धरणाने वीज दिली, पूर आवरण्यास मदत केली, हे खरेच; पण नकाशावरचे एखादे नाव पुसले गेले तर कोणाच्या तरी ध्यानात येते, आवाज नाहीसा झाला तर त्याची नोंद सहसा कोणी करीत नाही. ज्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हते अशा माणसाच्या रचनेत तेवढा तो कल्लोळ शिल्लक राहिला. अर्थात तोही खरा नव्हे. तो व्हायोलिनांनी आणि नगाऱ्यांनी केलेला कल्लोळ आहे.

खऱ्या नदीचा खरा आवाज जपून ठेवायचा असेल, तर यंत्र पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यास हाती उचलून नेता येण्याजोगी ध्वनिमुद्रणयंत्रे मिळू लागली, आणि संगीतकारांना घराबाहेर पडण्याची सोय झाली. अशा संगीतकारांत ॲनिया लॉकवुड यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म 1939 साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे झाला. संगीताच्या शिक्षणासाठी त्या लंडनला गेल्या आणि पुढे 1973 साली अमेरिकेत जाऊन राहिल्या. जगातील नद्यांचे आवाज गोळा करण्याचा छंद त्यांना 1960 च्या दशकातच जडला होता. तथापि सुटे सुटे आवाज गोळा करणे निराळे आणि एका नदीचा उगमापासून मुखापर्यंतचा नकाशा आवाजात काढणे निराळे. हे दुसरे काम त्यांनी 1982 साली हडसन नदीवर केले.

हडसन ही अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील नदी सुमारे 500 किलोमीटर लांब आहे. ॲडिराँडॅक नावाच्या डोंगरांत, सुमारे 1,300 मीटर उंचीवर एक चिमुकले तळे आहे. त्याचे नाव मोठे काव्यमय आहे: ‘ढगांचा अश्रू’. तेथून निघालेले पाणी ओढा होते, ओढ्याची नदी होते आणि अखेर न्यूयॉर्क शहराला वळसा घालून ती अटलांटिक महासागरास मिळते. या वाटेवरील पंधरा जागा लॉकवुड यांनी निवडल्या. प्रत्येक जागी काठावर बसून, पाण्याजवळ मायक्रोफोन धरून त्यांनी तेथील आवाज मुद्रित केला आणि उगमापासून समुद्रापर्यंतच्या क्रमाने तो जोडला. त्यात एकही वाद्य वाजत नाही. क्वचित पक्षी, क्वचित दूरवरची आगगाडी, बाकी सारे पाणी. ही कृती ऐकावयास एक तास व अकरा मिनिटे लागतात.

पाण्याचा आवाज तासभर ऐकत बसण्यात काय अर्थ, असे कोणालाही वाटेल. परंतु पाणी एकसारखे वाजते हा समज चुकीचा आहे. मुळात पाणी वाजते का, हा प्रश्नच विचार करण्याजोगा आहे. नळाची धार अगदी बारीक व सरळ असली तर ती जवळजवळ आवाज करीत नाही. ती बादलीतील पाण्यावर आपटू लागली की आवाज होतो. याचे कारण 1933 साली मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने गणिताने स्पष्ट केले. पाणी दगडावरून उडी घेते, तेव्हा ते आपल्याबरोबर थोडी हवा आत ओढून नेते. त्या हवेचे बुडबुडे होतात. सभोवतालचे पाणी बुडबुड्याला दाबते, आतली हवा उलट ढकलते, आणि अशा आकुंचन-प्रसरणाने तो बुडबुडा घंटेसारखा थरथरतो. ओढ्याची खळखळ ही या असंख्य चिमुकल्या घंटांची खळखळ होय. दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदास सुमारे 3,300 कंपने करतो, आणि दोन सेंटिमीटर व्यासाचा सुमारे 330. लहान बुडबुडा उंच सुरात वाजतो, मोठा खालच्या सुरात. म्हणूनच लहान दगडगोट्यांवरून जाणारा झरा मंजुळ वाटतो आणि उंच कड्यावरून कोसळणारा लोंढा घुमतो. ओढ्याकाठी वाढलेल्या मुलाला हे शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही; पावसाळ्यात पाणी किती चढले असेल हे तो अंथरुणात पडल्या पडल्या ओळखतो.

म्हणजे दगड बदलला, उतार बदलला, पाण्याची खोली बदलली, की नदीचा सूर बदलतो. हडसनच्या उगमापाशी लहान लहान थेंबांची टिपटिप आहे, मग दगडांमधून वाट काढणारी धार आहे. खाली उतरल्यावर नदी रुंद होते, तिला दगड भेटेनासे होतात. मग तिचा आवाज मध्यभागी नसून काठावर असतो. एखादे मूळ, एखादी जुनी भिंत, बोटीने उठविलेली लाट, यांच्याशी पाणी हळूच बोलते. आणि येथे हडसनची एक गंमत आहे. समुद्रापासून सुमारे 240 किलोमीटर आतपर्यंत भरती-ओहोटीचा परिणाम या नदीवर होतो. तेथील मूळ रहिवाशांनी तिला जे नाव दिले होते, त्याचा अर्थ दोन्हीकडे वाहणारी नदी असा सांगतात. नकाशावर नदीची दिशा एकच दिसते.

नकाशाला प्रमाण असते. एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर, असे कोपऱ्यात लिहिलेले असते. आवाजाच्या नकाशालाही प्रमाण असतेच, फक्त ते लांबीचे नसून काळाचे असते. 500 किलोमीटरची नदी 71 मिनिटांत ऐकविली, तर सरासरीने एका मिनिटात सात किलोमीटर होतात. पण ही केवळ सरासरी झाली. भिंतीवरील नकाशात प्रमाण सगळीकडे सारखे ठेवावे लागते. आवाजाचा नकाशा काढणाराने एखाद्या धबधब्यापाशी अधिक रेंगाळायचे आणि पुढचे शंभर किलोमीटर उडी मारून ओलांडायचे ठरविले, तर त्याला कोणी चूक म्हणत नाही. येथे नकाशा काढणाराचा कान मोजपट्टीचे काम करतो. याच ठिकाणी भूगोल संपतो आणि कला सुरू होते.

यापुढचे काम अधिक मोठे होते. युरोपातील डॅन्यूब नदी सुमारे 2,850 किलोमीटर लांब आहे आणि ती दहा देशांतून अथवा त्यांच्या सीमांवरून वाहते. जर्मनीतील काळ्या अरण्यात दोन लहान प्रवाह एकत्र होऊन ती जन्मते आणि काळ्या समुद्रास मिळते. 2001 ते 2004 या काळात लॉकवुड यांनी तिच्या काठी पाच वेळा प्रवास केला आणि 59 ठिकाणचे आवाज मुद्रित केले. 2005 साली तयार झालेला हा ध्वनिनकाशा दोन तास सत्तेचाळीस मिनिटांचा आहे.

या वेळी त्यांनी पाण्याखालीही कान लावला. पाण्यात सोडता येणारा एक मायक्रोफोन असतो, त्याला हायड्रोफोन म्हणतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पाण्यात तो सुमारे 1,480 मीटर, म्हणजे चौपटीहूनही अधिक वेगाने जातो. काठावर उभे असताना जी नदी शांत वाटते, ती आतून तशी नसते. प्रवाहाबरोबर तळाचे गोटे सरकत असतात आणि एकमेकांवर घासून त्यांची बारीक सळसळ चालू असते. हजारो वर्षे चाललेले डोंगर झिजण्याचे काम येथे प्रत्यक्ष ऐकू येते. पाण्यात राहणाऱ्या कीटकांची किरकिर येते. बोटीच्या यंत्राची घरघरही येते, आणि बोट दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ येत राहते.

दुसरा फरक असा, की डॅन्यूबच्या नकाशात माणसे बोलतात. नदी तुमच्या लेखी काय आहे, आणि तिच्यावाचून तुम्ही जगू शकाल का, असे दोन प्रश्न लॉकवुड यांनी काठच्या रहिवाशांना विचारले. उत्तरे त्यांच्या त्यांच्या भाषेत तशीच ठेविली आहेत. नदी खाली उतरत जाते तशी भाषा बदलते. पाणी मात्र एकच राहते. सीमारेषा ही नकाशावर ठळक असते. येथे ती, एक आवाज थांबून दुसऱ्या भाषेतील आवाज सुरू झाला, एवढ्यावरूनच कळते.

याच प्रकारचे काम कॅनडामध्ये रेमंड मरे शेफर याने आपल्या सहकाऱ्यांसह केले. गावाच्या आवाजांनाही खुणा असतात, असे त्याचे म्हणणे होते. दूरवरून दिसणारा मनोरा जशी गावाची खूण, तशी घंटा किंवा बंदरातील भोंगा ही ऐकण्याची खूण. 1975 साली या मंडळींनी युरोपातील पाच खेड्यांत जाऊन तेथील आवाज नोंदविले. त्यांतील लेस्कोनिल हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मासेमारांचे गाव. तेथे दिवसभरात वाऱ्याची दिशा फिरत जाते, आणि तिच्याबरोबर कधी समुद्राकडचे तर कधी जमिनीकडचे आवाज गावात येतात. त्यावरून दिवस किती सरला याचा अंदाज बांधता येत असे. म्हणजे त्या गावाला एक न दिसणारे घड्याळच होते. पण गाड्या वाढल्या, यंत्रे वाढली, की असे घड्याळ प्रथम ऐकू येईनासे होते, आणि मग विसरले जाते. शेफरला भीती वाटत होती ती याचीच.

तरीही कानावर भिस्त किती ठेवावी, याचा विचार केला पाहिजे. हडसनच्या काठी असलेल्या कारखान्यांतून 1947 ते 1977 या तीस वर्षांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल नावाची घातक रसायने नदीत सोडली गेली. ती तळाच्या गाळात साठली, माशांच्या अंगात गेली, आणि तेथील मासे खाणे धोक्याचे ठरले. लॉकवुड यांनी हडसनचा आवाज मुद्रित केला, तेव्हा ते विष नदीत होतेच. ध्वनिनकाशात ते कोठेही ऐकू येत नाही. स्वच्छ पाणी आणि दूषित पाणी दगडावरून एकाच सुरात उडी घेते. बुडबुड्याला त्यातला भेद कळत नाही. तो भेद कळण्यास प्रयोगशाळाच हवी. रंगीत नकाशा नदीचा आवाज सांगत नाही, आणि आवाजाचा नकाशा नदीचे आरोग्य सांगत नाही. प्रत्येक नकाशा काही दाखवितो आणि काही झाकतो.

डॅन्यूबचा हा ध्वनिनकाशा वस्तुसंग्रहालयात ऐकविला जातो, तेव्हा दालनात साधा कागदी नकाशाही लावलेला असतो. त्यावर ज्या ज्या जागी मुद्रण केले त्या दाखविलेल्या असतात आणि प्रत्येक जागेपुढे वेळ लिहिलेली असते. प्रेक्षक आत येतो, घड्याळात पाहतो, नकाशावरून बोट फिरवितो आणि आपण या क्षणी नदीच्या कोणत्या वळणावर आहो ते शोधून काढतो. जवळच नदीच्या पात्रातले गोटे ठेवलेले असतात. ते हातात घेता येतात. मग बहुतेक जण नकाशापासून दूर होतात, खाली बसतात, आणि गोटा हातात तसाच ठेवून पुढची नदी ऐकतात.